सणाचा दिवस, दीड वर्षाचं मूल आणि मैत्रिणीचे २० किलोमीटर

या वेळच्या पत्रांत दोन विषय पुन्हा पुन्हा आले: लहान मूल घरात असताना सण कसा पार पाडायचा, आणि चांगल्या कामासाठी निधी जमवायला चालणाऱ्या मैत्रिणीला साथ कशी द्यायची. काही जणींच्या घरी दोन्ही एकाच आठवड्यात आलंय. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न: माझी मुलगी १९ महिन्यांची आहे. सणाला घरात वीसेक माणसं जमतात. मागच्या वेळी ती दिवसभर रडत होती, कुणाकडे जाईना, रात्री नीट जेवलीही नाही आणि बारापर्यंत जागी होती. सासूबाई म्हणतात, एक दिवस झोप चुकली तर काय होतं? यंदा काय करू?

झोप चुकली की जे होतं, ते तुम्ही मागच्या वेळी पाहिलंच आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यात दुपारची झोपही धरलेली असते. या वयात बहुतेक मुलं दुपारी एकदाच झोपतात. ती वेळ टळली की मूल मलूल होईल असं मोठ्यांना वाटतं, पण घडतं उलटंच. ते जास्त पळतं, किंचाळून हसतं, सोफ्यावर चढतं. पाहुणे म्हणतात, ‘बघा, अजून खेळतेय, झोप कुठे आलीय हिला!’ खरं तर झोपेची वेळ तेव्हा उलटून गेलेली असते. डोळे चोळणं, कान ओढणं, चालताना पुन्हा पुन्हा अडखळणं या त्याआधीच्या खुणा. त्या दिसल्या की पंधरा मिनिटांत तिला खोलीत न्या.

दिवसाचं वेळापत्रक करताना सगळ्यात आधी तिची झोप लिहा, समजा पाऊण ते अडीच. मग मुख्य कार्यक्रम सकाळी दहाला किंवा दुपारी चारला ठेवा. जेवण लांबलं तरी तिला थांबवू नका. तिचं नेहमीचं जेवण नेहमीच्या वेळी, पंगतीच्या आधीच उरकून घ्या. नंतर सगळ्यांबरोबर बसून तिने चार घास खाल्ले तर ती गंमत, नाही खाल्ले तरी बिघडत नाही. रात्रीची झोप एखाद्या तासाने पुढे गेली तर चालतं. दोन दिवस ओळीने जागरण असेल, तर त्यातल्या एकाच रात्री तिला सूट द्या.

तिच्या झोपेच्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या ठेवू नका. ही बारीक गोष्ट वाटते, पण दुपारच्या झोपा मोडतात त्या याच कारणाने. कुणाला चार्जर हवा असतो, कुणाला चष्मा, आणि दार दर पाच मिनिटांनी वाजतं. दुसऱ्याच्या घरी जात असाल तर तिची वापरातली, न धुतलेली चादर सोबत घ्या. ओळखीच्या वासाने अनोळखी खोली लवकर आपलीशी होते. पंख्याचा एकसुरी आवाज असला की बाहेरची बडबड बरीचशी त्यात बुडते.

ती कुणाकडे जात नाही, यात तिचं काही चुकत नाही आणि तुमचंही नाही. आईबाबांपासून दूर होण्याची भीती साधारण १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पुढेही काही महिने रेंगाळते. त्यावर उपाय एकच, तिला वेळ देणं. शक्य असेल तर सगळ्यांच्या आधी पोहोचा. दोन माणसांच्या घरात एकेक जण येत गेला की ती त्यांना पचवते. वीस जणांनी भरलेल्या खोलीत एकदम नेलं की बिलगते. येणाऱ्यांना खाली बसायला सांगा आणि हात पुढे करण्याऐवजी हातात एखादी वस्तू धरायला सांगा. सासूबाईंना म्हणा, ‘आई, हा चेंडू तुमच्याकडे राहू दे, दहा मिनिटांत ती स्वतःच घ्यायला येईल.’ बहुतेक वेळा येतेच. ‘मामाला पापा दे’ हा आग्रह मात्र कुणीच करू नये. टाटा केला, टाळी दिली तरी पुरे. नकोशा माणसापासून मागे सरायचं तिला आज कळतंय, ते कळणं मोडू नका.

आणखी एक. ‘सगळे आहेतच की बघायला’ याचा अर्थ कुणीच बघत नाही असा होतो. घरातल्या मोठ्यांनी पाऊण-पाऊण तासाच्या पाळ्या लावाव्यात आणि पाळी बदलताना तोंडाने सांगावं: ‘आता ती तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही.

प्रश्न: सजावट, दिव्यांच्या माळा, फुगे, नवी खेळणी, शिवाय खाऊ. दोन वर्षांच्या मुलासाठी यातलं खरंच धोकादायक काय, आणि काय उगाच घाबरवलं जातं?

सगळ्यात वर बटण सेल. रिमोटवर चालणारे छोटे दिवे, गाणारी शुभेच्छापत्रं, चमकणारे बूट, स्वस्तातली खेळणी, सगळ्यांत तो असतो. २० मिलिमीटर व्यासाचा चपटा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. तिथल्या ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि अन्ननलिका आतून भाजते. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात, आणि त्या दोन तासांत मुलाला साधी लाळ गळणं, खोकला किंवा जेवण नको म्हणणं यापलीकडे काहीच दिसत नाही, असंही होतं. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ती वस्तू घरात लावूच नका. संपलेला सेलही इजा करण्याइतका जिवंत असतो. काढला की दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच मुलाच्या हाताबाहेर ठेवा.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, तिथे एक्स-रे काढतील. उलटी करवू नका. गिळून बारा तास झाले नसतील, मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, मध द्यायला हरकत नाही. सहापेक्षा जास्त वेळा नको. मध हा उपचार नव्हे, तो फक्त इजेचा वेग कमी करतो. त्यासाठी घरात शोधाशोध करत थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच द्यायचा नाही. नाकात किंवा कानात सेल गेला तरी तितकीच घाई करा.

दुसरे छोटे, ताकदवान चुंबक. एक गिळला तर बऱ्याचदा निघून जातो. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडतं. तिसरा फुगा. फुगलेल्यापेक्षा फुटलेला आणि न फुगवलेला जास्त वाईट, कारण रबराचा तुकडा घशावर पातळ पडद्यासारखा बसतो आणि पाठीत थापट्या मारूनही सहज सुटत नाही. फुगा फुटला की आधी तुकडे गोळा करायचे, मग हसायचं.

खाण्यातलं म्हणाल, तर अख्खे शेंगदाणे आणि इतर कठीण दाणे, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या आणि टणक गोळ्या. दाणे पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नयेत. कूट करून चालतात. द्राक्ष आडवं कापलं तर त्याच्या गोल चकत्या होतात आणि त्याही श्वासनलिका बुजवतात, म्हणून उभे चार तुकडे करा. मूल बसूनच खाईल एवढं बघा, कारण पळताना, हसताना आणि कडेवर उसळताना घास चुकीच्या नळीत जातो.

खेळण्याचा भाग किती मोठा असावा हे मोजायचं सोपं साधन म्हणजे टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. खेळण्यांच्या तपासणीतलं ठरलेलं नळकांडं याहून अरुंद, ३१.७ मिलिमीटरचं असतं. पण घरी जरा जास्तच कडक राहिलेलं बरं.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडू लागले तर पुढे वाकवून तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापट्या. सुटलं नाही तर बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर असे पाच दाब. सुटेपर्यंत हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिका बोलवायची. वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही, छातीच्या मधोमध द्यायचा. तोंडात न बघता बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. सणाआधी एकदा प्रशिक्षकासमोर बाहुलीवर करून बघा.

भाजण्याचं कारण बहुतेकदा दिवे नसतात, कडेला ठेवलेला चहा असतो. केलेला कप पंधरा मिनिटांनीही लहान मुलाची कातडी भाजू शकतो. मूल मांडीवर असताना हातात गरम काही नको, आणि जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलावरचा कपडा त्या दिवसापुरता काढून ठेवा. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तूप यातलं काहीही लावू नका.

उगाच घाबरवलं जातं ते चमकीच्या कागदाबद्दल आणि एखादा दिवस गोड खाण्याबद्दल. कागद मूल चघळतं, आपण बोट घालून समोर दिसतो तेवढा काढतो, संपलं.

प्रश्न: माझी जिवलग मैत्रीण रुग्णसेवेच्या निधीसाठी २० किलोमीटरच्या चॅरिटी वॉकमध्ये चालणार आहे. मला फार पैसे देणं जमणार नाही, आणि पदरात दीड वर्षाचा मुलगा असल्यामुळे तिच्याबरोबर चालताही येणार नाही. मग मी नेमकं काय करू शकते?

पुष्कळ. आधी पैशांचं बघू, कारण त्यात रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची आहे. मैत्रिणीचं देणगीपान सुरू झाल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, जमेल तेवढी रक्कम नावानिशी द्या. रिकाम्या पानावर पहिलं कुणी व्हायला लोक बिचकतात. चार-पाच नावं दिसली की हात सैल होतात. पैसे भरताना पडदा नीट वाचा. काही संकेतस्थळांवर देणगीखाली संकेतस्थळासाठीची ‘ऐच्छिक’ रक्कम आधीच भरलेली असते, ती कमी किंवा शून्य करता येते. पावती स्वतःच्या नावाने घ्या. कुणी ‘दर किलोमीटरमागे इतके’ असं वचन देणार असेल, तर तो पैसा वॉक संपल्यावर आठवडाभरात मागून घ्यावा लागतो. पुढे तो राहूनच जातो आणि मागताना मैत्रिणीला संकोच होतो. हे वसुलीचं काम तुम्ही अंगावर घ्या. तिला याहून मोठी मदत क्वचितच कुणी करेल.

दुसरं, सराव. २० किलोमीटर ताशी ५ किलोमीटरने चार तासांत होतात, थांबे धरून साडेचार. न चालणाऱ्या माणसाला त्यासाठी दहा-बारा आठवडे हवेत. आठवड्यातून एकदा लांब चाल, ती दर वेळी एक-दीड किलोमीटरने वाढवत जायची आणि वॉकच्या दोन-तीन आठवडे आधी १५-१६ किलोमीटरवर थांबवायची. शेवटच्या आठवड्यात चालणं निम्म्यावर आणायचं. लांब चाली ती करेल. मधल्या वारी चार-पाच किलोमीटरच्या चालीला तुम्ही बाबागाडी घेऊन जाऊ शकता. सराव मोडतो तो कंटाळ्याने आणि एकटेपणाने. कुणीतरी वाट पाहतंय म्हटल्यावर माणूस घराबाहेर पडतो.

तिसरं, वॉकच्या दिवशी कुठे उभं राहायचं. सुरुवातीला आणि शेवटी गर्दी, टाळ्या, फोटो, सगळं असतं. खरी गरज चौदाव्या किलोमीटरच्या आसपास. उत्साह ओसरलेला असतो, पाय दुखायला लागलेले असतात, बरोबरची माणसं पांगलेली असतात आणि शेवट अजून दिसत नसतो. तिथे उभ्या राहा. समजा सुरुवात साडेसहाला आहे. १४ किलोमीटरला २ तास ४८ मिनिटं, दहा-दहा मिनिटांचे दोन थांबे, म्हणजे ती ९:३८ च्या सुमारास येईल. तुम्ही ९:२० ला पोहोचा. ती अकराच्या आसपास संपवेल, आणि तुमच्या मुलाची झोप पाऊणला असेल तर शेवट पाहूनही तुम्ही वेळेत घरी.

त्या थांब्यावर काय न्यायचं? कोरडे मोजे, कापडी चिकटपट्टी, छोटी कात्री, पेट्रोलियम जेली, थोडं खारट खाणं आणि ओआरएस. पाकिटावर जितकं पाणी लिहिलं असेल तितक्यातच पूर्ण पाकीट विरघळवा. अर्ध्या पाण्यात केलेलं दाट ओआरएस अपाय करतं. पाणी तहानेनुसार प्यावं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं.

मोजे बदलणं हे तिथलं सगळ्यात मोलाचं काम. फोड येतो ओलावा, उष्णता आणि घर्षण एकत्र आल्यावर. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून लोकरीचा किंवा सिंथेटिक बरा. तिला विचारा, ‘कुठे चुरचुरतंय?’ फोड येण्याआधी ती जागा लाल आणि गरम होते. तेव्हाच पुसून, पूर्ण कोरडी करून, पट्टी लावली तर फोड टळतो. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा मोज्याला अडकून गुंडाळला जातो. पट्टीला सुरकुती राहिली तर तीच नवा फोड करते. जेली लावायचीच असेल तर ती पट्टीपासून दूर, नाहीतर पट्टी टिकत नाही. फोड आलाच असेल तर फोडू नका, भोवती मऊ गादी करून झाका.

नवे बूट घालून ती निघणार असेल तर मात्र मैत्री पणाला लावून तिला अडवा. पायाखालून निदान पन्नासेक किलोमीटर गेलेलेच बूट, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे, कारण लांब चालल्यावर पाय सुजतो. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापलेली असावीत.

प्रश्न: शेवटचे तीन किलोमीटर मुलाला बाबागाडीत घेऊन मैत्रिणीबरोबर चालावं असं वाटतं. चालेल का?

आधी आयोजकांना विचारा. काही मार्गांवर पायऱ्या, अरुंद पूल किंवा गर्दी असल्यामुळे बाबागाड्यांना मनाई असते. परवानगी असेल तर तीन किलोमीटर बेताचे आहेत; पाऊण-एक तास मूल बसतं, त्यापुढे कुरकुरतं. खांदे, कंबर आणि पायांमधला असे सगळे पट्टे लावा. दांड्याला जड पिशवी अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे कलंडते, आणि ते चढत असतानाच कलंडली तर डोक्यावर पडतं. पिशवी खालच्या जाळीत.

ऊन असेल तर गाडीवर कापड टाकू नका. पातळ कापडानेसुद्धा आतली हवा कोंडते आणि मूल तापतं. हुडाची सावली, टोपी आणि दर दहा मिनिटांनी मानेमागे हात लावून बघणं. घामेजलं किंवा खूप गरम लागलं की थांबा. थंडीत याच्या नेमकं उलट. तुम्ही चालून गरम झालेल्या असता, ते मात्र हलत नसतं, म्हणून तुमच्यापेक्षा एक कपडा जास्त.

त्याला स्वतः चालू द्यायचं तर शेवटचे शंभर-दोनशे मीटर, कडेने. दीड वर्षाचं मूल दर काही पावलांवर थांबतं, खडा उचलतं, मागे वळतं. दोनशे मीटरला दहा-पंधरा मिनिटं धरा आणि मैत्रिणीला आधी विचारा. वीस किलोमीटर चाललेल्या पायांना थांबून थांबून चालणं सरळ चालण्यापेक्षा जास्त दुखतं. तिला पुढे जाऊ द्या, तुम्ही मागून या. लाउडस्पीकर किंवा ढोलताशाजवळ मात्र नको. १०० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसालाही दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सोसत नाही. मुलाच्या कानांवर बसणारे इअरमफ घ्या, कापूस कामाचा नाही.

प्रश्न: सणाला सगळे नातेवाईक जमतील. तेव्हा मैत्रिणीच्या वॉकसाठी देणगी मागितली तर बरं दिसेल का?

चारचौघांत मागू नका. एक काका मोठा आकडा बोलतात आणि कोपऱ्यातल्या वहिनी अवघडतात. कौटुंबिक ग्रुपवर दोन दिवस आधी एकच निरोप टाका, असा काहीसा: ‘माझी मैत्रीण रविवारी २० किलोमीटर चालतेय, रुग्णांच्या उपचारनिधीसाठी. मी माझा वाटा दिलाय. कुणाला द्यावंसं वाटलं तर दुवा खाली आहे, कितीही छोटी रक्कम चालेल. कुणी दिले, कुणी नाही, हे मी विचारणार नाही.’ आणि खरंच विचारू नका. वॉक झाल्यावर तिचा फोटो आणि जमलेली एकूण रक्कम त्याच ग्रुपवर कळवा. बऱ्याच देणग्या त्या फोटोनंतर येतात, म्हणून पान किती दिवस खुलं राहणार आहे तेही लिहा.

‘कितीही छोटी’ हे शब्द भीडेखातर नाहीत. कर्करोगाने एक पाय गमावलेल्या टेरी फॉक्सने १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावं लागलं. त्याचं मागणं होतं दर कॅनडावासीयामागे एक डॉलर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलर जमले, त्या वेळच्या देशाच्या लोकसंख्येएवढे.

प्रश्न: पाहुण्यांनी दिलेल्या भेटी मुलासमोर एकदम उघडल्या तर तो कशाशीच खेळत नाही, फक्त रडतो. काय करावं?

एका वेळी एक. ती हाताळून, आपटून, तोंडाला लावून त्याचं समाधान होईपर्यंत दुसरी दाखवायची नाही, मग त्यात दोन दिवस गेले तरी चालतील. बाकीच्या कपाटात ठेवा आणि आठवड्याला एक काढा. देणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून, मूल ती उघडतानाचा फोटो ज्यांच्या त्यांना त्या त्या दिवशी पाठवा. सेलवर चालणारी भेट असेल तर कपाटात ठेवण्याआधीच झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, ते तपासून घ्या.